जुन्या ट्रकची चाके आणि त्यांचे सुरक्षित पर्याय

ट्रकचे चाक म्हणजे एकच वस्तू नव्हे. हबवरचे स्टड, त्यांचे नट, मधली डिस्क, डिस्कला जोडलेली रिम, रिमच्या कडेची रिंग, फ्लॅप, ट्यूब आणि टायर असे सात-आठ भाग एकमेकांच्या मापाने घडवलेले असतात. त्यातला एक जरी दुसऱ्या गाडीचा निघाला, तरी उरलेल्या सगळ्यांचा भरवसा जातो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या ट्रकसाठी चाक शोधताना खरी अडचण इथे येते. हबवर चढणारे चाक बहुधा मिळते. त्या ट्रकशी जुळणारे चाक मिळायला वेळ, मोजमाप आणि जाणकार माणूस लागतो. चढणे आणि जुळणे यांतला फरक उभ्या गाडीत दिसत नाही. तो हवा भरताना किंवा घाट उतरताना कळतो आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

चांदवड हे या प्रश्नासाठी योग्य ठिकाण आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव नाशिकपासून सुमारे ६५ आणि मालेगावपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. मनमाड त्याहून जवळ. मालेगावच्या दिशेला राहुड घाट आहे आणि आसपासचा सगळा पट्टा कांदा व द्राक्षांचा. कांद्याची वाहतूक गेली कित्येक दशके ट्रकच करत आले आहेत. तालुका अवर्षणाचा, त्यामुळे उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात. भाड्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला ट्रक अशा भागात लगेच भंगारात जात नाही. त्याचा पाण्याचा टँकर होतो, बोअरवेलची गाडी होते, महामार्गावर उलटलेली वाहने उचलणारी क्रेन होते. जपून ठेवण्याजोगे जुने ट्रक आज सापडतात ते बहुधा अशाच दुसऱ्या आयुष्यातून, आणि त्या आयुष्यात त्यांची चाके अनेकदा बदललेली असतात. म्हणून गाडीवर आज जे चाक आहे ते मूळचेच आहे, हे गृहीत धरता येत नाही. शोधाची सुरुवात गाडीच्या मूळ पुस्तिकेपासून किंवा चासीवरच्या पाटीपासून करावी लागते.

या रस्त्यावर धावलेल्या जुन्या ट्रकांची कुळे मोजकी आहेत. टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीझ ट्रक बनू लागले. हा करार १९६९ पर्यंत चालला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला क्रायस्लरच्या घराण्यातले डॉज, फार्गो आणि डी सोटो बनवले. हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्याला बेडफर्ड काढला. मद्रासच्या अशोक मोटर्सची १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली आणि तिचे कॉमेट व बीव्हर रस्त्यावर आले. यांत भर पडली लष्कराच्या गाड्यांची. दुसऱ्या महायुद्धानंतर मागे राहिलेले शेव्हर्ले, फोर्ड, जीएमसी आणि डॉज लिलावात विकले गेले. पुढे जबलपूरच्या लष्करी कारखान्यांत मॅन कंपनीच्या परवान्यावर बनलेला शक्तिमान आणि निसानचा एकटनी ट्रक ‘डिस्पोजल’मधून बाहेर आले.

एवढ्या कुळांची चाके एकमेकांना लागत नाहीत, हे दुखणे जुनेच आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, ती बेडफर्ड होती. सुरुवातीच्या त्या ताफ्यात बेडफर्डखेरीज शेव्हर्ले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड, कॉमर अशा अनेक मेकच्या गाड्या होत्या. पुढे महामंडळ मुख्यतः टाटा आणि लेलँड या दोनच मेकांवर आले. सुट्या भागांचा आणि चाकांचा साठा एकसारखा ठेवता येणे हा त्यातला मोठा फायदा होता. जुना ट्रक जपणाऱ्या एकट्या मालकाला ती सोय नसते. त्याच्याजवळ एकच गाडी असते आणि तिची चाके त्या एका कुळाचीच हवी असतात.

रिमच्या बनावटीचा मुद्दा नीट समजून घ्यावा लागतो, कारण सर्वाधिक जीवघेणे अपघात याच ठिकाणी होतात. सर्वांत जुन्या ट्रकांवर लाकडी आऱ्यांची चाके असत. ती आता संग्रहालयापुरती उरली आहेत. त्यानंतर आली पोलादी डिस्क आणि अनेक तुकड्यांची रिम. ट्यूबच्या ट्रक-टायरची कड जाड आणि ताठ असते. मोटारीच्या टायरसारखी ती वाकवून एकसंध रिमवर चढवता येत नाही. म्हणून रिमची एक बाजू मोकळी ठेवतात, टायर सरळ आत सरकवतात आणि त्या बाजूला कडेची रिंग बसवून ती लॉक रिंगने अडकवतात. काही रिमांत कडेची रिंग आणि लॉक रिंग एकच असते, काहींत त्या वेगळ्या असतात. हवा भरली की टायर रिंगला बाहेर ढकलतो, रिंग खाचेत घट्ट रुतते आणि सगळी जुळणी हवेच्या दाबानेच जागेवर राहते. खाच झिजलेली असली, गंजाने भरलेली असली किंवा रिंग दुसऱ्याच मेकची असली, तर तोच दाब रिंगला बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर फेकतो.

किती जोराने, ते साध्या हिशेबाने कळते. १०.००-२० मापाच्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे १०५ सेंटिमीटर, आतला सुमारे ५१. या कड्याच्या क्षेत्रफळावर १०० पौंड हवेचा दाब पडला की टायरच्या एका भिंतीवरचा एकूण जोर ४० टनांच्या वर जातो. त्यातला काही भाग टायरचे धागे पेलतात, पण मोठा वाटा रिमच्या कडेवर आणि रिंगवर येतो. पंक्चरवाला ज्या रिंगेवर वाकून हवा भरतो, तिच्यामागे हा जोर असतो.

अशा अपघातांमुळे अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने १९८० मध्ये अनेक तुकड्यांच्या रिमांसाठी स्वतंत्र नियम केला आणि १९८४ मध्ये तो ट्रकच्या एकसंध रिमांनाही लागू केला. हवा लोखंडी पिंजऱ्यात भरायची, नळीचे तोंड वॉलला अडकवून माणसाने बाजूला उभे राहायचे, रिंग आणि रिम यांच्या जोड्या तक्त्यावरून पडताळायच्या, तडा गेलेला भाग वेल्डिंग करून परत वापरायचा नाही, अशी त्यातली मुख्य कलमे आहेत. चांदवडच्या महामार्गावरील कोणत्याही टायरच्या दुकानात ती जशीच्या तशी पाळता येतील. पिंजरा हा चार पाइप आणि पट्ट्या जोडून बनवण्याचा प्रकार आहे, त्याला परदेशी यंत्र लागत नाही.

अमेरिकेतल्या लिखाणामुळे सगळ्याच तुकड्यांच्या रिमांना सरसकट ‘मृत्यूचा सापळा’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती मात्र बरोबर नाही. तिथे सर्वांत बदनाम झाली ती फायरस्टोनची आरएच-५ नावाची दोन तुकड्यांची रिम. तिचे दोन भाग टायरच्या आत, रिमच्या मध्याजवळ एकमेकांत अडकतात. टायर चढल्यावर तो सांधा नीट बसला की नाही, हे बाहेरून दिसतच नाही. तिला चांगल्या स्थितीत ठेवण्याचा उपाय नाही. ती सापडली तर वापरातून काढणे एवढाच मार्ग. अमेरिकी मूळच्या जुन्या डॉज, फार्गो किंवा शेव्हर्लेवर ती असण्याची शक्यता गृहीत धरून टायर उतरवताना पाहून घ्यावे. तीन तुकड्यांच्या रिमची रिंग आणि खाच मात्र बाहेरून दिसतात, तपासता येतात आणि त्यांचे नवे भाग अजून बनतात. भारतात २० इंची ट्यूबच्या टायरवर चालणारे ट्रक आजही असंख्य आहेत. अमेरिकेतल्या संग्राहकाला जे चाक दुर्मिळ वाटते, ते चांदवडच्या मालकाला नव्या रूपात मिळू शकते. पण हेच चाक रोज हाताळून हाताळून त्याची भीतीही मेलेली आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते महागात पडते.

लष्करी गाड्यांवर आणखी एक प्रकार दिसतो. युद्धकाळातल्या जीपांवर आणि काही लष्करी ट्रकांवर रिमचे दोन अर्धे भाग नट-बोल्टांनी जोडलेले असतात. या चाकावर नटांची दोन वर्तुळे दिसतात: आतले हबचे, बाहेरचे रिमचे. हवा भरलेली असताना बाहेरच्या वर्तुळातले नट सैल केले की चाक तिथेच फुटते. ब्रिटिश लष्करात असे नट लाल रंगवत असत. लिलावातून आलेल्या गाडीवर तो रंग क्वचितच शिल्लक असतो, म्हणून मालकाने तो स्वतः द्यावा.

जुळणीची तपासणी चाकावरच्या शिक्क्यांपासून सुरू होते. चांगल्या कारखान्याच्या रिमवर माप, मेकरचे चिन्ह आणि उत्पादनाची तारीख ठोकलेली असते. रिंगेवरही तिचे माप आणि प्रकार असतो. गंज आणि रंगाचे थर खरवडल्याशिवाय ते वाचता येत नाही, पण हे काम टाळण्याजोगे नाही. ज्या रिमवर काहीच ठोकलेले नाही, ती कितीही नवी आणि चकचकीत असली तरी जड ट्रकसाठी घेऊ नये. टायरचे माप आणि रिमची रुंदी यांच्या जोड्या ठरलेल्या आहेत: ७.५०-१६ ला ६ इंची रिम, ८.२५-२० ला साडेसहा, ९.००-२० ला ७ आणि १०.००-२० ला साडेसात इंची. अर्ध्या इंचाने रुंद किंवा अरुंद रिमवर टायर चढतो, पण त्याची कड ज्या कोनात टेकायला हवी त्या कोनात टेकत नाही.

अर्ध्या इंचाचा घोटाळा व्यासातही होतो आणि तिथे तो अधिक घातक ठरतो. १६ इंचाचा टायर १६.५ इंचाच्या रिमवर बळेच चढवला आणि कड जागेवर बसेना म्हणून हवा वाढवत नेली, तर कडेतली पोलादी तार तुटून टायर फुटतो. अशा अपघातात माणसे मेली आहेत. हवा वाढवून ‘बसवण्याची’ सवयच सोडावी. ठरल्या दाबाला कड बसत नसेल तर माप चुकलेले आहे किंवा रिम खराब आहे.

त्यानंतर हबची मापे येतात. स्टड किती, त्यांच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी किती, मधले भोक किती आणि डिस्क रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे, ही चार मापे जुळायला हवीत. आजच्या जड ट्रकांवर १० स्टड, ३३५ मिलिमीटर पीसीडी आणि २८१ मिलिमीटरचे मधले भोक हे युरोपीय प्रमाण रूढ आहे. युद्धकाळातल्या जीएमसीच्या सहा स्टडांच्या चाकाचा पीसीडी पावणेनऊ इंच, म्हणजे २२२ मिलिमीटर. विलिस जीपच्या पाच स्टडांचा साडेपाच इंच. ही दोन घराणी एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. फसवणूक होते ती दोन-तीन मिलिमीटरच्या फरकात. तेवढा फरक असेल तर चाक हबवर ठोकून बसवता येते, नट आवळलेही जातात, पण प्रत्येक स्टड कायम एका बाजूला ओढला जातो आणि काही महिन्यांत तुटू लागतो. चौथे माप मागच्या जोडचाकांसाठी निर्णायक असते. डिस्कचा खोलगटपणा कमी पडला तर दोन टायरांमधली फट कमी होते, भारात त्यांच्या भिंती एकमेकींवर घासतात, उन्हात तापतात आणि आतला टायर आधी जातो. मधे अडकलेला दगड हेच काम आणखी लवकर करतो.

चाक हबवर मध्यात कसे धरले जाते, याच्याही दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत भोकांच्या कडा निमुळत्या किंवा गोलाकार असतात, नटाचे तोंडही तसेच असते आणि नटच चाकाला मध्यात आणतात. मागच्या जोडचाकांत आतल्या चाकाला टोपीसारखा आतला नट आणि त्यावर बाहेरच्या चाकाचा नट, अशी रचना काही अमेरिकी गाड्यांत असते. नव्या पद्धतीत हबचा उंचवटा चाकाला मध्यात धरतो आणि सपाट वॉशरचे नट फक्त आवळण्याचे काम करतात. नव्या डिस्कला जुने निमुळते नट लावले किंवा जुन्या डिस्कला सपाट नट लावले, तर संपर्क फक्त एका अरुंद कडेवर होतो. आवळताना सगळे घट्ट लागते आणि पाच-पन्नास किलोमीटरमध्ये सैल होते. जुन्या ट्रकची चाके निखळण्याच्या प्रकारांत हे कारण वारंवार आढळते आणि ते ओळखायला नट हातात घेऊन पाहणे पुरेसे असते.

आट्यांचा प्रश्न वेगळा. अमेरिकी गाड्यांवर इंचाचे, जुन्या ब्रिटिश गाड्यांवर त्यांच्या स्वतःच्या प्रमाणाचे आणि जर्मन कुळातल्या गाड्यांवर मेट्रिक आटे असतात. पाऊण इंचाचा स्टड १९.०५ मिलिमीटरचा असतो. त्यावर २० मिलिमीटरचा नट सैलसर चढतो, आट्यांची पिच किंचित वेगळी असल्याने पुढे जाऊन अडकतो आणि आवळल्याचा भास देतो; प्रत्यक्षात दोन-तीन आटेच भार घेत असतात. क्रायस्लर कुळातल्या गाड्या, लेलँड आणि विलिस जीप यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. स्टडच्या टोकाला इंग्रजी एल अक्षर ठोकलेले असते. हे माहीत नसलेला नवा मुलगा टॉमीवर उभा राहून नट ‘सोडवतो’ आणि स्टड पिळून तोडतो. एखाद्या मालकाने मधल्या काळात डाव्या बाजूला सरळ आट्यांचे स्टड बसवले असले तर एकाच हबवर दोन्ही प्रकार सापडतात. असा हब सगळे स्टड बदलल्याशिवाय वापरू नये.

टायरचे गणित रिमपेक्षा सोपे आहे, पण त्यात एक स्थानिक सापळा आहे. ६.००-१६ आणि ७.५०-१६ ही मापे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांनाही लागतात आणि ट्रॉलीलाही. आकडा तोच असला तरी ट्रॅक्टरचा टायर शेताच्या वेगासाठी बनलेला असतो. त्यावर ए-८ असे वेगाचे चिन्ह असेल तर त्याची मर्यादा ताशी ४० किलोमीटर. ट्रकच्या टायरवर साधारणपणे जे, के किंवा एल असते, म्हणजे ताशी १००, ११० किंवा १२०. बैलगाडीसाठी वेगळे टायर बनतात, त्यांच्यावर एडीव्ही लिहिलेले असते. तेही मोटारवाहनासाठी नाहीत. चांदवड-मनमाड पट्ट्यात ट्रॅक्टरचे टायर प्रत्येक दुकानात असल्यामुळे जुन्या जीपला किंवा एकटनी ट्रकला ते लावले जाणे अगदी शक्य आहे.

भारक्षमतेसाठी प्लायचा, म्हणजे टायरच्या थरांचा, आकडा पुरेसा नाही. टायरवरचा भारनिर्देशांक पाहावा. १४६/१४३ याचा अर्थ टायर एकेरी असेल तर ३००० किलो, जोडीत असेल तर प्रत्येकी २७२५ किलो. रिमची स्वतःचीही मर्यादा असते. जास्त प्लायचा टायर कमी क्षमतेच्या रिमवर चढवून गाडी बळकट होत नाही, उलट जास्त हवेचा ताण जुन्या रिंगेवर पडतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहनांची एक्सलवरील भारमर्यादा वाढवली, पण त्या वाढीने जुन्या चाकाच्या पोलादात काहीच भर पडत नाही. जुन्या ट्रकने आपल्या पाटीवरच्या वजनातच राहावे. नायलॉन टायरसाठी बनलेल्या रिमवर रेडियल टायर बसवायचा असेल तर त्या रिमला रेडियलसाठी कारखान्याची मान्यता आहे का, हे पाहावे लागते. रेडियलचा दाब अधिक असतो आणि त्याची भिंत रिमच्या कडेला वेगळ्या प्रकारे वाकवते. जुन्या रिमांना त्यामुळे तडे जातात. एका एक्सलवर नायलॉन आणि रेडियल यांची सरमिसळ कधीच नको.

जपून ठेवलेला ट्रक वर्षातून थोडाच चालतो, म्हणून त्याचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. २००० नंतरच्या टायरवर चार आकडी तारीख असते: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी पूर्ण असलेला पण पंधरा वर्षे गोदामात पडलेला टायर ‘नवा’ म्हणून विकला जातो, त्याच्याकडे पाठ फिरवावी. पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर लावू नये.

नव्या टायरचा पुरवठा २० इंची मापांत चांगला आहे. नाशिकमध्येच सिएटचा कारखाना आहे आणि इतर भारतीय कंपन्यांचे टायर सर्वत्र मिळतात. अडते ते युद्धकाळातल्या ९.००-१६, १०.५०-२० अशा मापांवर आणि १७, १८ इंची जुन्या चाकांवर. अमेरिकेच्या चॅटनूगा शहरातली कोकर ही कंपनी जुन्या नक्षीचे टायर बनवते, पण भारतात ते आणणे सोपे नाही. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशामुळे टायरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आणि जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध आले. विचित्र मापाचा ट्रक घेण्याआधीच टायरची चौकशी करणे शहाणपणाचे, कारण पुढे सगळी जुळवाजुळव तिथेच अडते.

जुन्या रिमांचा शोध घेण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता, दिल्लीत मायापुरी, कोलकात्यात मलिक बाजार इथे कुळानुसार माल निवडता येतो. लष्करी आणि सरकारी वाहनांचा लिलाव एमएसटीसीच्या ऑनलाइन पद्धतीने होतो. एका चाकासाठी आख्खी दुसरी गाडी घेणे काही वेळा स्वस्त पडते आणि हब, ड्रम, स्टड असा सगळा संच एकत्र मिळतो. ग्रामीण भागात आणखी एक साठा आहे, ट्रॉल्यांचा आणि ऊस वाहणाऱ्या डनलॉप गाड्यांचा. जुन्या ट्रकांची कितीतरी चाके तिथे गेली. ती दिसायला मूळची असतात, पण वर्षानुवर्षे बेसुमार ओझ्याखाली, चिखलात आणि कमी हवेत चाललेली. अशा चाकाचा उपयोग माप घेण्यासाठी आणि नमुना म्हणून होतो. रस्त्यावरच्या ट्रकसाठी ते शेवटचा पर्याय मानावे.

सापडलेली रिम तपासताना आधी रंग पूर्ण उतरवावा.  घासणीच्या चाकाने घासले तर तडे झाकले जातात. तडे शोधण्याची मुख्य ठिकाणे तीन: स्टडच्या भोकांभोवती, डिस्कमधल्या मोठ्या खिडक्यांच्या कडांना आणि रिंगेच्या खाचेत. रॉकेल लावून पुसून घ्यावे, वर खडूची पूड भुरभुरावी. तड्यात शिरलेले रॉकेल काही वेळाने पुडीवर काळसर रेघ उठवते. ही जुन्या मिस्त्रींची पद्धत आजही खरी ठरते. डाय पेनेट्रंटच्या तीन डब्यांचा संच मिळतो, तो अधिक बारीक तडा दाखवतो. लांबोळकी झालेली भोके, खाचेत खोल गेलेला गंज, वाकडी किंवा ताण गेलेली लॉक रिंग, यांपैकी एकही दोष असला की तो भाग बाद. घणाने ठोकून सरळ केलेली रिंग पुन्हा वापरू नये. भोकात वेल्डिंग भरून नवे भोक पाडण्याचा प्रकार रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये चालतो. त्याने पोलादाचा मूळ ताकदीचा भाग उष्णतेने बिघडतो आणि पुढचा तडा त्या टाक्याच्या शेजारी जातो. टायर चढलेला असताना रिमला गॅस किंवा वेल्डिंग लावणे तर उघड मृत्यूला बोलावणे आहे. हवा काढलेली असली तरी आतले रबर तापून वायू साठतात आणि टायर स्फोटासारखा फुटतो.

मूळ चाक मिळतच नसेल तर पर्यायांचा क्रम महत्त्वाचा. पहिला पर्याय, त्याच कुळातल्या पुढच्या गाडीची नवी रिम, जिची चारही मापे जुळतात. व्हील्स इंडिया ही १९६० पासूनची चेन्नईची कंपनी आणि तिच्यासारखे इतर कारखाने ट्रकच्या पोलादी रिमा बनवतात. अधिकृत विक्रेत्याकडून शिक्का असलेली रिम रिंगेसह एकत्र घ्यावी. दुसरा पर्याय, हब, ड्रम आणि स्टड यांच्यासह संपूर्ण जुळणी नव्या प्रमाणात बदलणे. हा खर्चाचा मार्ग आहे आणि गाडीचे मूळपण थोडे कमी करतो, पण त्यात चाक आणि हब पुन्हा एकाच घराचे होतात आणि पुढची वीस वर्षे भाग मिळत राहतात. विसंगत भाग जमवून मूळ देखावा राखण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच चांगला. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला तो घ्यावा आणि मूळ चाके प्रदर्शनासाठी जपून ठेवावीत.

तिसरा पर्याय ट्यूबलेसचा. ९.००-२० ऐवजी १०-२२.५ आणि १०.००-२० ऐवजी ११-२२.५ ही मापे बाहेरच्या व्यासाने जवळपास सारखी येतात, त्यामुळे वेगमापक आणि गिअरिंगमध्ये फारसा फरक पडत नाही. या रिमा एकसंध असतात, रिंगेचा प्रश्नच उरत नाही. मात्र त्यांच्या डिस्कचे माप आजच्या १० स्टडांच्या हबसाठी असते, म्हणजे बहुधा दुसरा पर्याय आधी स्वीकारावा लागतो. जुन्या तुकड्यांच्या रिमवर ट्यूबलेस टायर चालत नाही, कारण सांध्यांतून हवा जाते.

चौथा मार्ग म्हणजे जुनी डिस्क कापून नव्या रिमला जोडणे. परदेशात काही खास कारखाने हे काम करतात. इथे एखाद्या लेथवाल्याने कितीही मन लावून केले तरी त्या चाकाची खात्री देता येत नाही. पुण्यातल्या एआरएआय आणि सीआयआरटी या संस्था वाहनांच्या भागांची तपासणी करतात, पण चाकाची थकवा चाचणी नमुना मोडेपर्यंत चालवायची असते. एकुलते एक बनवलेले चाक त्या चाचणीत संपते. चाचणीला उपयोग होण्यासाठी तसेच अनेक नमुने हवेत. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीपुरते हे काम ठीक आहे. पीसीडी बदलणारे अडॅप्टर आणि जाड स्पेसर यांचा विचार मालवाहू ट्रकसाठी करूच नये. ते बेअरिंगवरचा आणि स्टडवरचा ताण वाढवतात आणि सैल होण्याची जागा एकऐवजी दोन करतात.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९४ टायरच्या स्थितीबद्दल आणि नियम ९५ त्याच्या मापाबद्दल व प्लायबद्दल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून मापाचा किंवा हबचा बदल करण्याआधी आरटीओकडे विचारणा करावी. नाशिक (एमएच-१५) आणि मालेगाव (एमएच-४१) ही दोन्ही कार्यालये चांदवडहून जवळ आहेत. जुलै २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी आणि बिगरव्यापारी वापराच्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी व्हीए अक्षरांची वेगळी नोंदणी आहे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार त्यात चालत नाही आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. भाड्याच्या टँकरला किंवा क्रेनला ही सवलत नाही. त्यांना नेहमीची फिटनेस तपासणी द्यावी लागते.

जुळणारे चाक हाती आल्यावरही बसवण्याची शिस्त राहतेच. नट सोडण्याआधी वॉलची सुई काढून हवा पूर्ण जाऊ द्यावी; जोडचाकांत दोन्हींची. डिस्क आणि हब जिथे एकमेकांना टेकतात तो पृष्ठभाग कोरडा आणि स्वच्छ असावा. तिथे जाड रंग दिला तर तो दाबाखाली चेपतो आणि नट सैल होतात. जीर्णोद्धार केलेल्या देखण्या गाड्यांत ही चूक फार होते. नवा फ्लॅप आणि मापाची नवी ट्यूब वापरावी. आधी थोडीच हवा भरून रिंग सगळीकडून खाचेत बसली का ते पाहावे. बसली नसेल तर हवा पूर्ण काढून पुन्हा जुळणी करावी; हवा असताना रिंगेवर हातोडा मारू नये. उरलेली हवा पिंजऱ्यातच भरावी.

नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळावेत. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत असते. आजच्या १० स्टडांच्या २२ मिलिमीटर नटांना साधारण ६०० न्यूटन-मीटर लागतात, पण जुन्या बारीक स्टडांना तोच आकडा लावला तर ते ताणले जातात. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. चांदवडहून निघालेल्या गाडीला ही तपासणी नाशिकला पोहोचताच करता येते. राहुड घाट उतरल्यावर ड्रमची उष्णता रिमकडे जाते, टायरमधला दाब वाढतो. तेव्हा वाढलेली हवा सोडू नये, कारण थंड झाल्यावर टायर कमी हवेवर राहतो. दाब नेहमी सकाळी, गाडी उभी असताना मोजावा, आणि जोडचाकांत आतल्या टायरचाही. तिथे हात पोहोचत नाही म्हणून तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो. त्यासाठी वॉलला लांब नळी लावून घ्यावी.

स्टेपनीलाही हेच सगळे नियम लागू आहेत. जुन्या ट्रकखाली लटकलेली स्टेपनी बहुधा उरलीसुरली रिम आणि म्हातारा टायर यांची असते, तिची रिंग वर्षानुवर्षे चिखल खात असते आणि तिची गरज पडते ती रात्री, उतारावर, भरल्या गाडीखाली. सहाही चाके बदलताना सातवे त्याच मापाचे, त्याच शिक्क्याचे आणि त्याच वयाचे घ्यावे, नटांचा एक जादा संच गाडीत ठेवावा आणि रिम, रिंग व टायर यांचे शिक्के आणि बसवल्याची तारीख गाडीच्या कागदांसोबत लिहून ठेवावी. म्हणजे पुढच्या वेळी टायर उतरवणाऱ्या मिस्त्रीला समोरची रिंग कोणत्या रिमची आहे हे वाचून कळते.